चाळणीत अडकलेले ठोके

मुलींच्या संघाची सकाळ पळण्याने नाही, लोळण्याने सुरू व्हायची. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर निळ्या चटया अंथरायच्या, छातीला ओला पट्टा बांधायचा, उताणं पडायचं आणि बाई ‘उठा’ म्हणेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बाई म्हणजे संघाच्या प्रशिक्षक. गळ्यात शिट्टी, कपाळावर कायमची आठी. पट्टा हृदयाचा एकेक ठोका टिपायचा, बाईंच्या टॅबवर पाठवायचा, आणि थोड्या वेळाने प्रत्येकीच्या नावापुढे एक आकडा उमटायचा. त्याचं नाव ‘ताजेपणा’. आकडा मोठा तर गडी ताजातवाना. आकडा छोटा तर गडी दमलेला. घरी जा, झोप काढ.

भिंगरीचा आकडा आज पुन्हा छोटा आला.

ती चालायच्या आधी पळायला लागली असं तिची आई सांगायची, म्हणून ती भिंगरी. रात्रभर ढाराढूर झोपली होती, पाय हरणासारखे हलके वाटत होते, आणि टॅब म्हणत होता की ही पोरगी पार गळाठली आहे. तिच्या शेजारच्या चटईवर सावली उठून बसली. सावली कोणाशी फार बोलायची नाही. शर्यतीत ती शेवटच्या वळणापर्यंत पुढचीच्या मागे बरोब्बर एक पाऊल ठेवून पळायची, आणि वळण संपलं की मागे नसायची, पुढे असायची. म्हणून हे नाव. तिचा आकडा छान होता. रोजच छान असायचा.

“शुक्रवारी यादी जाणार,” बाई म्हणाल्या. “मधल्या पल्ल्याला एकच जागा आहे. वेळ तुम्हा दोघींची सारखी, केसाचा फरक नाही. मग ज्या पोरीचं शरीर ताजं, ती पळेल. भिंगरे, तू रात्री जागतेस का गं? मोबाईल?”

“नाही हो बाई. आई मोबाईल स्वतःच्या उशाखाली ठेवते.”

“मग मनात काही आहे का?”

मनात होतं, पण ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. मनात हे होतं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

पाणी मुरतंय हे तिला दाढेने सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात तिची दाढ ठणकत होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, सकाळी ती चटईवर मढ्यासारखी पडली, आणि त्या दिवशी तिचा ताजेपणा सगळ्या महिन्यातला सर्वांत मोठा आला. बाईंनी पाठ थोपटली. ‘बघ, नीट झोपलीस की कसं होतं.’ भिंगरी गालाला हात लावून हसली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. जागरण केलं की बक्षीस, झोप काढली की शिक्षा. अशी कुठली मोजणी असते?

याचं उत्तर तिने आधीच ठरवून टाकलं. कोणीतरी पट्ट्याशी खेळत होतं.

पट्टे कपडे बदलायच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेले असत. कुलूप नाही, काही नाही. पट्टा कोरडा असला की तो ठोके चुकवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मग भिंगरीचा पट्टा मुद्दाम कोणी पुसून वाळवत असेल तर? आणि त्यात फायदा कोणाचा? ती रात्री अंथरुणात पडल्यापडल्या हिशेब मांडायची आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. ते उत्तर एक पाऊल मागून पळायचं.

तिने सापळा लावला. आईच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा. पट्टा बदलला गेला तर लगेच कळेल. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली, दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर मांजरीसारखी आत शिरली.

बेसिनपाशी सावली उभी होती. हातात भिंगरीचा पट्टा.

“हं,” भिंगरी म्हणाली. “मांजर डोळे मिटून दूध पीत होतं म्हणायचं.”

सावली दचकली नाही. तिने नळ बंद केला. “कोरडाठाक टांगतेस तू. चटईवर पडल्यावर मग थुंकी लावत बसायचीस. म्हणून ओला करून ठेवते मी.”

“रोज?”

“रोज.”

“माझ्यासाठी एवढी माया?”

“माया कसली. तुझा पट्टा नीट लागेपर्यंत बाई मोजणी सुरू करत नाहीत आणि जमिनीने माझी पाठ गारठते.”

भिंगरीने पट्टा हिसकावून उलटा केला. लाल ठिपका जागच्या जागी होता. सावलीने तो पाहिला, मग भिंगरीकडे पाहिलं.

“हे काय?”

“काही नाही.”

“खूण केलीस. मी बदलते असं वाटलं तुला.” सावली हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “टॅबवरचं ते सॉफ्टवेअर कोणाचं? तुझ्या मामाचं. ठोके कोण साफ करतं? तुझा मामा. आणि चोर मी. भारीच आहे.”

ती निघून गेली. भिंगरी तिथेच नळाशी उभी. साप साप म्हणून भुई धोपटली की काय असं क्षणभर तिला वाटलं. पण संशय हा मोठा चिवट प्राणी. एका दारातून हाकलला तर दुसऱ्या दारात जाऊन बसतो. तो आता मामाच्या दारात जाऊन बसला.

मामा आईचा धाकटा भाऊ. त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत राहायचा आणि तिथेच काम करायचा. टेबलावर दोन पडदे, खाली वायरींचं जंगल, खुर्चीच्या पाठीवर एकच जाकीट, उन्हाळा असो की हिवाळा. संघासाठीचं सॉफ्टवेअर त्यानेच बनवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं ‘चाळणी’. ते बसवायला तो शाळेत आला तेव्हा मुलींना त्याने समजावलं होतं: हृदय म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नव्हे. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. जितका माणूस विसावलेला, तितका हा फरक मोठा. फरक मोजला की ताजेपणा कळतो. पण पट्टा घसरतो, सुकतो, एखादा ठोका हुकतो, एखादा खोटाच टिपला जातो, आणि असा एक खडा आला की सगळा भात बिघडला. म्हणून आधी चाळायचं. आजूबाजूच्यांपासून फारच वेगळं दिसणारं अंतर काढून टाकायचं आणि तिथे अंदाजाने नेमकं बसेल असं अंतर भरायचं.

तेव्हा बाई केवढ्या लक्ष देऊन ऐकत होत्या. आणि मामाने चक्क दाढी केली होती. भिंगरीला आता ते आठवलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

संध्याकाळी आई बसची फेरी संपवून आली. ती शाळेची बस चालवायची. घरीसुद्धा ती मागे न बघता मागच्या सीटवरची भांडणं ओळखायची. मागच्या खोलीतला आवाज ऐकून ती चहाचा कप घेऊन दारात येऊन उभी राहिली.

“मामा, खरं सांग,” भिंगरी म्हणत होती. “भाचीला झुकतं माप दिलं असं बाईंनी म्हणू नये, म्हणून तू माझे गुण कापतोस ना?”

“मी? अगं, माझा हातच लागत नाही त्याला. जे काढतं ते सॉफ्टवेअर काढतं.”

“आणि सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, शेजाऱ्यांनी?”

“ताई, हिला सांग गं काहीतरी.”

“मी काय सांगू,” आई म्हणाली. “लहानपणी याने बाबांचं घड्याळ साफ करायला उघडलं होतं. परत बसवल्यावर दोन चाकं उरली. म्हणतो कसा, ‘ही जास्तीची होती.’ घड्याळ मग छान चकचकीत दिसायचं. चालायचं मात्र नाही.”

“ताई, मी तेव्हा सात वर्षांचा होतो.”

“आता मोठा झालास. आता मोठी घड्याळं उघडतोस.”

मामाचं तोंड कडू झालं. “ठीक आहे. बांध पट्टा. तुझ्यासमोर मोजतो. मग कानाला खडा लावशील, की मामावर संशय घ्यायचा नाही.”

भिंगरी त्याच्या पलंगावर आडवी झाली. पहिल्यांदा ती रागाने फणफणत होती, श्वास वर अडकलेला. आकडा आला: बरा, मधला. मामाने भुवया उडवल्या, ‘बघ’ अशा अर्थाने.

“आता पुन्हा,” ती म्हणाली. या वेळी तिने डोळे मिटले. पोट भरून श्वास घेतला, हळूहळू सोडला. आईच्या चहाचा वास आला. बाहेर कोणीतरी सायकल उभी करत होतं. अंग सैल पडलं, झोपच यायला लागली. आणि आकडा धाडकन खाली.

मामाच्या भुवया खाली आल्या. त्याने खुर्ची पुढे ओढली. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. ती जितकी निवांत, तितका आकडा केविलवाणा.

“मामा, बोल ना.”

“थांब जरा.”

“चोराच्या मनात चांदणं?”

“भिंगरे, गप्प बस एक मिनिट.” त्याचा आवाज इतका वेगळा होता की ती खरंच गप्प बसली.

त्याने डाव्या पडद्यावर तिचे न चाळलेले ठोके काढले आणि उजव्यावर चाळलेले. डावीकडे लाटा होत्या, मोठ्या, गोल, एकामागून एक. श्वास आत घेतला की ठोके जवळ येत होते, बाहेर सोडला की दूर जात होते. उजवीकडे लाटांचे शेंडे आणि तळ कापलेले, वर अंदाजाचं सपाट ठिगळ. जणू समुद्राला कोणी इस्त्री केली होती.

“हे कोणी कापलं?” आईने विचारलं.

“चाळणीने.” मामाने चष्मा काढून डोळे चोळले. “मी ती आधी कुठे बसवली होती आठवतं? त्या हृदयाच्या दवाखान्यात. सगळे साठी-सत्तरीचे पेशंट. त्यांच्या हृदयात एवढी लाट येतच नाही. तिथे असा उंच शेंडा दिसला की तो नक्की पट्ट्याचा घोळ. भोकांचं माप मी तिथे ठरवलं आणि तीच चाळणी उचलून तुमच्या शाळेत आणली. पंधरा वर्षांच्या पोरीचं निवांत हृदय एवढं झुलतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चाळणीला ते कचरा वाटलं.”

“म्हणजे मी जास्तीचं चाक,” भिंगरी म्हणाली.

आई हसली. मामा हसला नाही.

खरं तर इथे संशय संपायला हवा होता. पण भिंगरीच्या डोक्यात एक काटा राहिलाच होता. माझा आकडा चुकीचा, मान्य. पण सावलीचा रोज इतका छान कसा? तिची कापाकापी का होत नाही? तीही पंधराच वर्षांची आहे की. “तिचंही उघड,” ती म्हणाली.

“दुसऱ्याची नोंद अशी बघायची नसते.”

“सगळ्यांचीच तपासावी लागणार आहे ना तुला? मग तिच्यापासून सुरू कर.”

मामाने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, नको अशी. पण तेवढ्यात भिंगरीने हात लांब करून कळ दाबली होती. तिला आता सावलीला पकडायचंच होतं.

सावलीच्या लाटा मुळात लहान होत्या, म्हणून चाळणीच्या भोकांतून निसटत होत्या. लबाडी काहीच नव्हती. मात्र कापलेलं काहीतरी होतं. अधूनमधून एक ठोका आधीच आला होता, घाईने, रांग मोडून. आणि त्याच्यामागून एक लांब पोकळी. पुन्हा सुरळीत. मग काही वेळाने पुन्हा तेच: घाई, पोकळी. उजव्या पडद्यावर त्यातलं काहीच नव्हतं. तिथे सावलीचं हृदय शहाण्या मुलीसारखं चाललेलं.

“पट्टा घसरला असेल,” भिंगरी म्हणाली. आपल्याला हे खरं असायला हवं आहे, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

मामाने आदल्या दिवशीची नोंद काढली. त्याच्या आदल्या दिवशीची. “पट्टा रोज एकाच तऱ्हेने घसरत नाही,” तो म्हणाला. “हे ठोके खरे असावेत. आकडा काढताना ते बाजूला करायचेच असतात, तेवढं चाळणीने बरोबर केलं. पण बाजूला केलं हे कोणाला सांगितलं नाही. सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.” मग भिंगरीचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाला, “अगं, पुष्कळांना होतं असं. बहुतेक वेळा काही नसतं. पण डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय शर्यत पळणं बरं नाही.”

ज्या मुलीला पकडायला ती निघाली होती, ती पकडली गेली होती. भिंगरीला आनंद व्हायला हवा होता. तिने पडद्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी, यादीच्या आदल्या दिवशी, मामा स्वतः शाळेत आला. दाढी न करता. त्याने बाईंना त्यांच्या खोलीत बसून सगळं सांगितलं, आपली चूक आधी. बाईंनी सावलीला बोलावलं. भिंगरी दाराशीच होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि हाकललंही नाही.

सावलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती भिंगरीकडे वळली.

“म्हणजे तू माझी नोंद उघडलीस.”

“हो.”

“आणि आता तुझा आकडा मोठा झाला.”

“हो, पण...”

“आणि माझ्या हृदयात बिघाड निघाला. यादी जायच्या आदल्या दिवशी. तुझ्या मामाच्या सॉफ्टवेअरमध्ये.” तिने बाईंकडे पाहिलं. “बाई, तुम्ही सांगा. तुम्ही ठेवाल विश्वास?”

बाईंनी टॅब पालथा ठेवला. मामा खाली बघत राहिला. भिंगरीच्या तोंडावर हजार गोष्टी आल्या आणि एकही कामाची नव्हती, कारण सावली म्हणत होती त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तिच्या जागी भिंगरी असती तर तिनेही असंच म्हटलं असतं, वर नेलपॉलिशही लावलं असतं.

“ठेवू नकोस विश्वास,” ती शेवटी म्हणाली. “पट्टा नको, सॉफ्टवेअर नको, मामा नको. तुझा हात दे.”

“कशाला?”

“मला नको देऊस. तुझा तुलाच दे. बोटं मनगटावर ठेव. वर्गात शिकवलं होतं तसं.”

सावलीने नाक मुरडलं. पण ती खुर्चीत बसली, दोन बोटं मनगटावर टेकवली आणि भिंतीकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी चेंडू आपटत होतं. बाईंनी उठून खिडकी लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. सावलीच्या ओठांच्या कोपऱ्यात ‘पाहिलंत?’ असं काहीतरी यायला लागलं होतं.

मग ते तिथेच थांबलं. तिने बोटं किंचित दाबली. मान वाकडी केली, जशी दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकताना करतो.

“हुकला,” ती हळूच म्हणाली.

तिने बोटं तशीच ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “हा पण.” आता तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. तिने दुसरा हात भिंगरीपुढे केला, तिच्याकडे न बघता. “तू बघ बरं. मला एकटीलाच वाटतंय का ते.”

भिंगरीने बोटं ठेवली. मनगट गार होतं. ठक, ठक, ठक, आणि मग एक जागा, जिथे ठोका असायला हवा होता. तिचा स्वतःचा श्वास त्या जागेत अडकला, आणि पुढचा ठोका जोरात आला तेव्हा सुटला.

“मलाही,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी सावलीची आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर ठेंगण्या, केस पिकलेल्या बाई होत्या. त्यांनी सावलीला तपासलं, कागदावर तिच्या हृदयाची रेघ काढली आणि म्हणाल्या, बहुतेक काळजीचं काही नाही, पण पळतापळता काय होतं ते यंत्रावर पाहायला हवं. त्याची तारीख शर्यतीनंतरची होती. सावलीची आई म्हणाली, बहुतेक काही नाही, तर मग पोरीला पळू द्या ना. डॉक्टर म्हणाल्या, “बहुतेकच्या भरवशावर मी कोणाला पळू देत नाही.”

अशी ती जागा भिंगरीला मिळाली. बाईंनी यादीत नाव लिहिलं तेव्हा तिने उडी मारली नाही, मुलींना मिठ्या मारल्या नाहीत. संघातल्या दोघीतिघी तिच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होत्या आणि ती काय समजावणार? संशय कसा चिकटतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मामाने मात्र चाळणी उसवून नवी केली होती. आता आकड्याच्या खाली, कापलेला प्रत्येक ठोका लाल रंगात दिसायचा, आणि तो फक्त त्या मुलीला आणि बाईंना उघडता यायचा. भिंगरीला नाही. तशी अट सावलीने घातली होती.

शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला भिंगरी बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधत होती, तेव्हा समोर दोन साधे बूट येऊन थांबले. सावली. शाळेच्या गणवेशात, हातात भिंगरीचा पट्टा. बाईंना पळतानाचीही नोंद हवी होती.

“हात वर कर,” ती म्हणाली आणि जर्सीखालून पट्टा बांधायला लागली. तो ओला होता. बोटांनी तिने आतला लाल ठिपका चाचपला.

“अजून आहे वाटतं हा.”

“जात नाही. चांगल्या कंपनीचं नेलपॉलिश आहे.”

“राहू दे.” तिने पट्टा घट्ट ओढला, जरा जास्तच घट्ट. “पुढच्या वेळी ही जागा माझी आहे. डॉक्टर हो म्हणोत, मग बघ.”

“बघते.”

“आणि शेवटच्या वळणावर मागे वळून बघायची खोड आहे तुला. तिथेच हरतेस. आज बघू नकोस. मी नाहीये मागे.”

शिट्टी झाली. भिंगरी सुटली. पहिल्या फेरीत तिच्या डोक्यात काहीच नव्हतं, फक्त वारा आणि बाजूच्या मुलींचे कोपरे. शेवटचं वळण आलं, ती तिघींच्या पुढे होती, आणि मागे पावलं ऐकू येत होती. कोणाची तरी होती. बरोब्बर एक पाऊल मागे.

तिने मागे वळून पाहिलंच. सावली नव्हती. मग तोंड पुढे केलं आणि पळाली.